काजळी देवाची की फर्नेसची?

मी अमेरिकेत कनेक्टिकटमधे आग-धुराचं नुकसान साफ करणाऱ्या क्रूवर आहे. थंडीत कॉल येतात पफबॅकचे. ऑइल फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या तेलाच्या भट्टीचा, तेल फवारणारा नॉझल चोंदला की बर्नर वेळेवर पेटत नाही, तेल आत साचतं आणि मग उशिरा एकदम भडकतं, काजळी घरभर. तोच पफबॅक. वर लोक रिसेटचं बटण दाबत बसतात! एकदा दाबायचं, नाही चालली तर मेकॅनिक बोलवायचा, दर दाबण्याला आत आणखी तेल जातं हो.

यावेळचं घर आपल्याच माणसांचं निघालं, सोलापूरकडचे. काकूंनी आम्ही पोचायच्या आधीच साबणाच्या पाण्याने हॉलची भिंत पुसलेली. "अरे पुसलं तसं पसरतच गेलं!" पसरणारच, ही काजळी तेलकट, पाणी लागलं की रंगात मुरते. आधी थर्मोस्टॅट बंद, व्हेंट म्हणजे गरम हवा येते त्या जाळ्या झाकायच्या, मग कोरडा रबरी स्पंज, वरून खाली सरळ एकच हात, घासायचं नाही. स्पंज काळा झाला की धुवायचा नाही, वरचा थर सुरीने कापून टाकायचा. ग्रीस काढणारं लिक्विड त्यानंतर. हे नव्या पोरांना शिकवून माझं तोंड दुखलं.

इन्शुरन्सचा अ‍ॅडजस्टर, नुकसान तपासणारा, आला तो देवघर बघून खूश. म्हणे उदबत्तीची काजळी, हळूहळू साठलेली, क्लेम बसत नाही. डोकंच फिरलं माझं. दिव्या-उदबत्तीची काजळी जास्त करून त्यांच्या वरच धरते, इथे प्रत्येक व्हेंटभोवती काळं, बंद कपाटातल्या ताटल्यांवरसुद्धा.

पण घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर, खोलीतून, भिंतीतल्या लाकडी खांबांच्या जागी उभे करडे पट्टे होते. तिथे भिंत गार पडते म्हणून काजळी धरते, आणि ते एका भडक्यात होत नाही. कॅलेंडर काढलं तर मागे आधीच्या फ्रेमचा फिकट चौकोन, फ्रेम होती तेव्हाच आजूबाजूची भिंत काळी होत होती. म्हणजे फर्नेस निदान मागच्या हिवाळ्यापासून काजळी ओकत असणार. मेकॅनिकला हीट एक्सचेंजरला, म्हणजे जाळाचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या भागाला, चीर सापडली, तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही घरात येऊ शकतो, अलार्म होता तो बॅटरीविना.

फोटो सगळ्याचे काढावेच लागतात, काढले. कंपनीने भडक्याचं दिलं, जुनं म्हणून बराच भाग कापला. काकूंचा मुलगा अजून म्हणतो, कॅलेंडरमागचा फोटो कशाला काढलात दादा. काय सांगू?

फर्नेसवर सर्व्हिसचा टॅग होता, ऑक्टोबरची तारीख, नॉझल बदलला म्हणून सही, आणि आत नॉझल डांबरासारखा चिकटलेला. तो फोटोही रिपोर्टमधे आहे. त्यावर अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.