एकोणीस वर्ग आणि शेवटी २

कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे अमळनेर तालुक्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचा वर्ग निम्माच होता. फळ्यावर २ लिहिला. हातातली संख्या २ चा घातांक करायची आणि उत्तरातून १ वजा करायचा: ३, ७, १२७. सगळ्या मूळ संख्या. त्यापुढची ३९ अंकी, तीही मूळ. फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ साली संगणकाविना सिद्ध केलेली.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मंग पुढली बी मूळ शे का?"

हे अजून कुणालाच माहीत नाही. त्या संख्येतल्या अंकांची संख्याच ३८ अंकी आहे. विश्व जन्मल्यापासून सेकंदाला शंभर कोटी अंक लिहीत आलो असतो, तरी तिचा कणही लिहून झाला नसता.

"मंग तपासतस कशी?"

मला हाच प्रश्न हवा होता. रीत दाखवायला लहान संख्या घेतली. २ चा १९ वा घात वजा १ म्हणजे ५२४२८७, मूळ. तोच घातांक घेऊन २ चा ५२४२८७ वा घात वजा १ केला, तर मूळ संख्या मिळते का? घातांक विषम मूळ असला की अशा संख्येचा प्रत्येक मूळ भाजक घातांकाच्या सम पटीपेक्षा १ ने मोठा असतो. त्यातला एक उमेदवार घेतला: १२० पट अधिक १ म्हणजे ६२९१४४४१. आता २ चा वर्ग करायचा, उत्तराचा पुन्हा वर्ग, आणि दर वेळी ६२९१४४४१ ने भागून बाकीच तेवढी ठेवायची. एकोणिसाव्या वर्गाला २ चा ५२४२८८ वा घात होतो, आपल्या घातांकापेक्षा एकच जास्त; तेव्हा बाकी २ आली, तर ५२४२८७ व्या घाताची बाकी १, म्हणजे भाजक सापडला.

२, ४, १६, २५६, ६५५३६. इथपर्यंत तोंडी. पुढे आठ अंकी गुणाकार, तेही कागदावर. बाक जोडून जोड्या बसल्या, प्रत्येक पायरी दोघांनी वेगवेगळी करायची आणि उत्तरं जुळली तरच पुढे. सुटीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी फक्त बाकी फळ्यावर उतरवत होतो. शेवटची बाकी आली: २. लाखाहून जास्त अंकांची एक संख्या मूळ नाही, हे या मुलांनी ती न लिहिता दाखवलं होतं! मला शिकवताना इतका आनंद क्वचितच झाला आहे.

त्या मुलीच्या लगेच लक्षात आलं की त्या न सुटलेल्या पाचव्या संख्येलाही (३ पासून मोजता) हीच रीत लागू पडते, फक्त वर्ग १२७ करावे लागतील. आजवर तिचा एकही भाजक हाती लागलेला नाही, हे मी सांगितलं. तिने वहीत घातांकाची दुप्पट अधिक १ मांडली, तिला ३ ने भाग जातो हे पाहून खोडली, आणि चौपटीकडे वळली.