सभासद-सॉफ्टवेअर घ्यायचंय? आधी खजिनदारांचा हिशेब जुळू द्या

ठाणे आणि नवी मुंबईत सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. आज नौपाड्यापासून नेरूळ-ऐरोलीपर्यंत वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, क्रीडा मंडळं, गिर्यारोहण गट जागोजागी दिसतात. सभासदांची नोंद, वर्गणी आणि पावत्या सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यावं, असा विषय कार्यकारिणीत निघाला की बहुतेक ठिकाणी तो खजिनदारांपाशी अडतो. चिटणीसांना वाटतं, खजिनदारांना नवं काही नकोच असतं. खरं तर ऑडिटरसमोर बसून एकेका रुपयाचं उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. त्यामुळे त्यांना सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं सांगत बसू नये. तीन वर्षांत किती पैसे जाणार, सभासदाने भरलेले पैसे कोणत्या वाटेने बँकेत येणार आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर काय, एवढ्या तीन गोष्टी कागदावर मांडून द्याव्यात.

पैशांपासून सुरुवात करू. समजा, यादीत ६०० नावं आहेत. त्यातले २५० आजीव सभासद, ३५० वार्षिक, वर्गणी ६०० रुपये. म्हणजे वर्गणीचं उत्पन्न जास्तीत जास्त २,१०,००० रुपये. कंपनीचं कोटेशन वर्षाला २४,००० आणि सुरुवातीच्या मांडणीचे (यादी चढवून सॉफ्टवेअर सुरू करून देण्याचे) १५,००० रुपये आहे असं धरू. यावर १८ टक्के जीएसटी लागतो. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याची वजावट मिळत नाही, तो सगळा खर्चच. म्हणून पहिल्या वर्षाचे २८,३२० आणि मांडणीचे १७,७०० रुपये. दर वर्षी १० टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी ३१,१५२, तिसऱ्या वर्षी ३४,२६७. तीन वर्षांचे मिळून १,११,४३९ रुपये, वर्षाची सरासरी सुमारे ३७,१४६. पूर्ण वर्गणी जमा झाली तरी तिचा जवळजवळ १८ टक्के भाग यात जाणार. हा आकडा पाहून खजिनदार नको म्हणत असतील तर ते बरोबरच आहेत.

आता दुसरी बाजू. दर वर्षी ७० जणांची वर्गणी थकते आणि वेळच्या वेळी आठवण गेल्याने त्यातल्या ३० जणांनी भरली, तर १८,००० रुपये आले. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना टपालाने जाते. तिकीट, पाकीट आणि छपाई मिळून माणशी १० रुपये धरले तर ६,००० वाचले. पावती पुस्तकांचे २,५००. बेरीज २६,५००. खर्च ३७,१४६. म्हणजे वर्षाला साडेदहा हजारांहून जास्त तूट. स्वयंसेवकांचे वाचलेले तास रुपयांत मोजून ही तूट भरून काढण्याचा मोह टाळावा. ते तास संस्थेच्या खात्यातून कधी गेलेच नव्हते, तेव्हा ते वाचले म्हणून शिल्लक वाढत नाही. खजिनदार ती ओळ पहिली खोडतात, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वासही उडतो.

तूट भरून निघते ती यादी साफ केल्याने. सॉफ्टवेअरचे दर बहुतेक वेळा सभासद संख्येच्या टप्प्यांवर असतात आणि त्यात आजीव सभासदही मोजले जातात, मग त्यांच्याकडून वर्षाला एक रुपयाही येत नसला तरी. जुन्या संस्थांच्या यादीत निधन पावलेले, गाव सोडून गेलेले आणि दोनदा नोंदलेले सभासद हमखास सापडतात. समजा अशी ११० नावं निघाली आणि यादी ४९० वर आली, तर ५०० चा टप्पा मिळतो. तो वर्षाला १८,००० असेल आणि मांडणीचं काम आपणच केलं, तर जीएसटी आणि वाढ धरून तीन वर्षांचे ७०,३०४ रुपये होतात, वर्षाला सुमारे २३,४३५. टपालाची बचत आता ४९० जणांचीच, म्हणजे ४,९००. एकूण बचत २५,४००. हिशेब जेमतेम जुळला. यादी साफ केल्याने टपालाचे १,१०० रुपये सॉफ्टवेअर न घेताही वाचतात, हेही त्याच कागदावर लिहावं. एक मात्र ध्यानात ठेवा. नाव चालू यादीतून काढायचं म्हणजे सभासदत्व रद्द करायचं असं नव्हे. जे सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी नोंदवहीत जपायची आणि सभासदत्व रद्द करायचं असेल तर संस्थेच्या घटनेतली पद्धतच पाळायची.

टपालाच्या बचतीलाही एक अट आहे. संस्थेच्या घटनेत सभेची सूचना टपालाने पाठवावी असं लिहिलं असेल, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेली सूचना पुरेशी ठरत नाही. आधी घटनादुरुस्ती, मग बचत. तोवर हे ४,९०० रुपये हिशेबात धरू नयेत.

संदेशांचा खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो. एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार संस्थेची, शीर्षकाची (संदेशावर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या पोर्टलवरची नोंदणी लागते. त्यात मराठी एसएमएस महाग पडतो, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे: इंग्रजी संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा, देवनागरीला ७०. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ चे तुकडे पडतात, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक अक्षर म्हणून मोजली जाते. १५० अक्षरांचा मराठी संदेश तीन एसएमएसच्या भावाने जातो, तेवढाच इंग्रजी संदेश एका. म्हणून आठवणीचा मजकूर ७० च्या आत बसवावा: ‘वर्गणी ६०० रु. ३० एप्रिलपर्यंत भरावी. सभासद क्र. १२३.’ एवढं पुरतं. व्हॉट्सॲपच्या अधिकृत व्यवसाय सेवेचे पैसे प्रत्येक नमुना-संदेशामागे लागतात आणि जाहिरातवजा संदेश कामाच्या संदेशापेक्षा महाग असतो. वर्गणीच्या आठवणीत कार्यक्रमाची जाहिरात घुसवली की तो संदेश महागड्या गटात जाऊ शकतो.

आता पैशांची वाट. माझ्या मते खजिनदारांची खरी काळजी इथेच असते, आणि कोटेशनच्या चर्चेत ती मागे पडते.

पहिली अट: सभासदाने भरलेले पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात आले पाहिजेत. सॉफ्टवेअर कंपनी आधी स्वतःच्या खात्यात घेऊन महिनाअखेर पाठवणार असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून बँकेत जमा करणारी सेवा) संस्थेच्या नावाने उघडायला संस्थेचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, ठराव आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं लागतात. इथे एक अडचण नेहमी येते: निवडणूक होऊन नवे पदाधिकारी आलेले असतात, पण धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, प्रलंबित असतो. कागदांवरची नावं जुळत नाहीत आणि केवायसी अडकते. सॉफ्टवेअरचे पैसे भरण्याआधी गेटवेची मंजुरी हातात असावी, नाहीतर तीन-चार महिने भाडं फुकट जातं.

दुसरी गोष्ट शुल्काची. बँकेच्या क्यूआरवर यूपीआयने, बँक खात्यातून आलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. गेटवेमार्फत आलेल्या कार्ड आणि नेटबँकिंगच्या व्यवहारांवर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी जातो. काही कंपन्या यूपीआयवरही स्वतःचं सेवाशुल्क लावतात. ते लेखी विचारून घ्यावं. ६०० रुपयांवर २ टक्के म्हणजे १२ रुपये, त्यावर जीएसटी २.१६. बँकेत ५८५.८४ येतात. इथेच हिशेब चुकतो. वर्गणीचं उत्पन्न ६०० लिहायचं आणि १४.१६ गेटवे शुल्क म्हणून खर्चात दाखवायचं. बँकेत आलेली रक्कमच उत्पन्न म्हणून लिहिली, तर पावत्यांची बेरीज आणि जमाखर्च वर्षअखेर जुळत नाही आणि फरक कुठून आला हे शोधायला कुणाच्या हातात धागाच राहत नाही. सभासदाला पैसे परत करावे लागले तर ते १४.१६ सहसा परत मिळत नाहीत, हेही धरून चालावं.

त्यातून गेटवे एकेका सभासदाचे पैसे वेगळे पाठवत नाही. दिवसभरातल्या सात जणांची वर्गणी एक किंवा दोन कामकाजाच्या दिवसांनी एकाच रकमेत येते. सॉफ्टवेअरमधून कोणत्या जमा रकमेत कोणते सात सभासद, त्यांची पावती क्रमांकं आणि प्रत्येकामागचं शुल्क असा अहवाल निघाला पाहिजे, आणि तो एक्सेलमध्ये उतरवून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवता आला पाहिजे. ३१ मार्चला भरलेली वर्गणी बँकेत एप्रिलमध्ये येते. त्यासाठी ‘गेटवेकडून येणे’ असं खातं वर्षअखेरीआधीच उघडून ऑडिटरना दाखवून ठेवलं की सप्टेंबरमध्ये ऑडिटच्या वेळी धावपळ होत नाही.

जमा कोणत्या खात्यात जाते, हा ऑडिटरचा पुढचा प्रश्न. वार्षिक वर्गणी उत्पन्नात जाते. वाचनालयाची अनामत ही देणी असते. आजीव वर्गणी घटनेत किंवा ठरावात तसं असेल तर कायम निधीत जाते. पुढच्या वर्षाची आगाऊ वर्गणी या वर्षीचं उत्पन्न नसते. पुष्कळ स्वस्त सॉफ्टवेअर हे सगळं एकाच ‘फी’ या नावाखाली टाकतात. प्रात्यक्षिकात विक्रेत्याला एवढंच करायला सांगा: एक आजीव सभासद, एक अनामत आणि एक दोन वर्षांची आगाऊ वर्गणी नोंदवून तिन्ही वेगळ्या खात्यांत दाखवा. ते जमलं नाही तर बाकीचं पाहण्यात वेळ घालवू नये. ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारं कलम) खाली देणग्या घेणाऱ्या संस्थेने देणगीची पावती वर्गणीपेक्षा वेगळ्या मालिकेत ठेवावी. देणगीदाराचं पॅन आणि पत्ता पावतीच्या वेळीच घेतला, तर १०बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र भरताना फोन करत बसावं लागत नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची सवलत नाही, तेव्हा अशा पावतीवर तो उल्लेख छापला जाणार नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असली तर उत्तम.

रोख रक्कम लगेच बंद होत नाही, ज्येष्ठ नागरिक संघात तर नाहीच. कार्यालयात रोख घेऊन सॉफ्टवेअरमधूनच पावती द्यावी. छापील पुस्तकही चालू ठेवायचं असेल तर दोन्ही मालिकांचे क्रमांक वेगळ्या अक्षरांनी सुरू व्हावेत. पावती रद्द करता यावी, पण पुसता येऊ नये. रद्द करण्याचा अधिकार फक्त खजिनदारांकडे, आणि लॉगिन ‘खजिनदार’ या पदाच्या ईमेलवर. चिटणीसांच्या खासगी मोबाइलवर ओटीपी जात असेल, तर कार्यकारिणी बदलली की संस्था स्वतःच्याच नोंदींबाहेर पडते.

नोंदी हलवण्याचं काम ३१ मार्चचे हिशेब बंद झाल्यावर, एप्रिलमध्ये करावं. वर्षाच्या मध्ये केलं तर प्रत्येकाची थकबाकी आणि आगाऊ रक्कम अर्धी जुन्या वहीत, अर्धी नव्या यादीत राहते. सभासद क्रमांक जुनेच ठेवावेत. यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि जोडाक्षरं, रफार, ‘ऱ्ह’-‘ऱ्य’ असलेली नावं माणसाने नजरेखालून घालावीच लागतात. त्याशिवाय आयात केली तर निम्मी नावं वाचता येत नाहीत. आधार क्रमांक यादीत असेल तर तो चढवू नका. वर्गणी घ्यायला त्याची गरज नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नंतर नको ती माहिती साठवणं ही विनाकारण ओढवून घेतलेली जोखीम आहे.

खात्री पटवायची तर प्रात्यक्षिकापेक्षा चाचणी बरी. गेल्या वर्षाचा एप्रिल महिना घ्या, कारण वर्गणी तेव्हाच जास्त येते. त्या महिन्याच्या सगळ्या पावत्या चाचणी खात्यात भरा आणि बँकेच्या उताऱ्याशी जुळवा. हे काम खजिनदारांनी स्वतः किंवा त्यांच्या नजरेसमोर व्हावं. रुपयाचाही फरक आला तर तो का आला हे विक्रेत्याने लेखी सांगावं.

कराराच्या तीन ओळी नीट वाचाव्यात: वार्षिक दरवाढीची कमाल मर्यादा, आपोआप नूतनीकरण होतं का, आणि सोडताना सर्व सभासद व सर्व पावत्या एक्सेलमध्ये विनाशुल्क मिळतील का. परदेशी सॉफ्टवेअरचा दर डॉलरमध्ये असतो आणि पैसे कार्डावरून द्यावे लागतात. संस्थेकडे कार्ड नसतं, मग कुणा सदस्याचं खासगी कार्ड जोडलं जातं आणि बिल त्याच्या नावाने येतं. ऑडिटमध्ये ते टिकत नाही. संस्थेच्या नावाचं बिल आणि दोन सह्यांचा धनादेश किंवा एनईएफटी, हाच मार्ग ठेवावा.

दीडशे-दोनशे सभासदांच्या मंडळाने सॉफ्टवेअर घेऊच नये, असं मला वाटतं. बँकेचा क्यूआर, एक्सेलची नीट यादी आणि पावती पुस्तक त्यांना पुरतं.

घ्यायचं ठरलं तर ठरावात रक्कम आणि मुदत दोन्ही असावीत: ‘सभासद नोंदणी सॉफ्टवेअरसाठी एक वर्षाकरिता जीएसटीसह कमाल २५,००० रुपये मंजूर, नूतनीकरण खजिनदारांच्या लेखी अहवालानंतरच, जुनी नोंदवही एक वर्ष समांतर चालू राहील.’ नूतनीकरणाच्या तारखेच्या ६० दिवस आधीची कार्यकारिणी बैठक आत्ताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे करारातली रद्द करण्याची मुदत उलटून जात नाही.