बोर्डामागची भिंत

आईच्या खोलीतला बटणांचा बोर्ड परवा अखेर गेला. तसा तो महिनाभर जातच होता. पंख्याचं बटण दाबलं की ट्यूब लुकलुकायची, ट्यूबचं दाबलं की काहीच व्हायचं नाही. "दोन्ही एकदम दाबायची आणि जरा थांबायचं," असं आईचं तंत्र बसलं होतं. मग एक दिवस जळका वास आला आणि मला फोन आला. मी लोहार चाळीतून नवा बोर्ड, बटणं, थोडी वायर घेतली आणि भर दुपारी गिरगावात पोचले. पाठोपाठ वायरमन आला. मेन स्विच बंद केला, चार गंजके स्क्रू काढले आणि तो जुना लाकडी बोर्ड भिंतीतून उपटून कॉटवर ठेवला. बोर्डाबरोबर कडेचा रंगही पापुद्र्यासारखा निघून आला.

खोलीला सध्या फिका पिस्ता आहे. त्याची कड जिथे तुटली, तिथे आत आकाशी दिसत होता. आकाशीच्या आत बोटभर गुलाबी. आणि मधोमध, वीतभर चौकोनात, चुना. निळसर झाक असलेला, अगदी कालच दिल्यासारखा.

मी इंटिरिअरची कामं करते, पंचवीसेक वर्षं झाली. लोकांना वाटतं की मी कुणाच्याही घरी गेले की सोफा बघते, पडदे बघते. तसं काही नाही. मी कॅलेंडर उचलून बघते. यजमान चहा ठेवायला आत गेले की हळूच. कॅलेंडरमागे भिंतीचा जो तुकडा असतो, त्याला ऊन लागलेलं नसतं, उदबत्तीचा धूर लागलेला नसतो, येता-जाता कुणाचा हात लागलेला नसतो. त्या घराला मुळात काय हवं होतं ते तिथे कळतं. एकदा एका घरी पकडले गेले. "पुढच्या महिन्यातली चतुर्थी बघत होते," असं म्हणाले. त्यावर त्या बाईंनी मला उपास असतो असं समजून साबुदाण्याची खिचडी केली.

तर, बोर्डामागची भिंत. वीज नाही, पंखा नाही, वायरमन स्टुलावर चढून वायरी ओळखतोय, आणि मी कॉटवर बसून चुन्याकडे बघतेय.

चुना दिवाळीच्या आधी व्हायचा. अण्णा दोन दिवस रजा टाकायचे. गॅलरीत पत्र्याचा अर्धा पिंप, त्यात कळीचा चुना आणि वरून पाणी. पाणी पडलं की पिंप खदखदायला लागायचा. खाली जाळ नाही, काही नाही आणि पाणी उकळतंय, ही आम्हा पोरांना जादूच्या प्रयोगापेक्षा मोठी गोष्ट होती, कारण जादूवाला शेवटी पैसे मागायचा. "लांब व्हा, डोळ्यात जाईल," असं सगळ्या खोल्यांमधून एकदम ओरडणं यायचं. चुना विझून गार झाला की त्यात भिजवलेला डिंक, आणि मग नीळ. निळीवरून दर वर्षी वाद. कमी पडली तर भिंत पिवळट दिसते, जास्त पडली तर धोब्याकडचा शर्ट. अण्णा पुडी चिमटीत धरून, औषध घालावं तशी घालायचे, आणि आई मागून म्हणायची, "बास. बास म्हटलं ना."

कुंच्याने पहिला हात मारला की काहीच दिसायचं नाही. ओल्या भिंतीवर ओलं पाणी. मला दर वर्षी वाटायचं, या खेपेला फसलं. रात्री सामान गॅलरीत, आम्हीही गॅलरीत, आणि सकाळी उठून बघावं तर खोली पांढरीफेक. पुढे कॉलेजात शिकले की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. म्हणजे आम्ही सगळे बाहेर झोपून रात्रभर श्वास सोडत भिंत पांढरी करत होतो, असा हिशेब मी वर्गात मांडला. सरांनी तो वहीत लिहून घ्यायला मनाई केली.

गुलाबी मात्र अपघात होता.

त्या वर्षी अण्णांना बोनस बरा मिळाला आणि चुना बंद, डिस्टेंपर सुरू, असं ठरलं. डबा आला. डब्यावर हातात ब्रश घेतलेला, कपाळावर केस आलेला तो खट्याळ गट्टू. एशियन पेंट्स ही मुंबईचीच कंपनी, 1942 साली चार मित्रांनी सुरू केलेली, आणि गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला तो डबा संपल्यावर हवा होता, एवढंच. आईला भिंत अबोली हवी होती. दुकानदाराने पांढरा डिस्टेंपर दिला, लाल स्टेनरची ट्यूब दिली, पिवळ्याची दिली आणि सांगितलं, थोडा लाल, बराच पिवळा. अण्णांनी बादलीत लाल पिळला, ढवळला, पुन्हा पिळला. डिस्टेंपर वाळला की फिका पडतो हे कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून आणखी पिळला. पिवळी ट्यूब पिशवीतच राहिली. ती दिवाळी झाल्यावर सापडली, पणत्यांच्या खाली.

शेजारच्या काकू सकाळी दारात आल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, बर्फी!"

त्यानंतर तीन-चार वर्षं आमची खोली म्हणजे बर्फी. "बर्फीत जाऊन वाटी देऊन ये." "बर्फीतल्यांचं पाणी आलं का?" मला त्याचं काही वाटत नव्हतं. आईची तक्रार वेगळी होती. ती म्हणायची, या खोलीत आल्यापासून सगळे आजारी दिसतात. पाहुणे आले की त्यांना "बरं नाही का?" विचारायची. आम्ही हसायचो.

आई बरोबर होती. पॅरिसमध्ये गोबेलिन्स नावाचा चित्रपडदे विणण्याचा जुना कारखाना आहे. तिथे 1824 साली शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईच्या खात्याचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रारी यायच्या की तुमचा काळा धागा फिका दिसतो. त्याने धागा तपासला, धागा चोख होता. दोष शेजारच्या धाग्याचा होता. रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो, हे त्याने 1839 मध्ये ग्रंथ लिहून मांडलं. गुलाबी भिंतीपुढे बसवलेला माणूस म्हणूनच जरासा हिरवट दिसतो. शेव्हरल स्वतः 102 वर्षं जगला, त्या अर्थी त्याच्या घरी बर्फी नसावी.

या शेजाऱ्यांनी माझ्या धंद्यात मला फार छळलंय. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये कुठल्यातरी थंड देशातल्या घराचा फोटो दाखवतं. बाहेर बर्फ, आत मोठ्ठी खिडकी, राखाडी भिंत. मॅडम, हेच. आता मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेर काय असतं? वीस फुटांवर समोरची बिल्डिंग असते. आणि ऊन आधी तिच्यावर पडतं, मग तिचा रंग घेऊन तुमच्या हॉलमध्ये येतं. एका घरात मी ऑफव्हाइट दिला होता, थोडा सायीकडे झुकणारा. कामावर मी खूश. पंधरा दिवसांनी फोन आला, "मॅडम, दुपारी दोननंतर भिंत हिरवी होते." मी मनात म्हटलं, या बाईंना सवय व्हायचीय. जाऊन बघते तर खरंच, हॉलभर शेवाळ. समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. मी सॅम्पल लावून बघितलं होतं, पण सकाळी अकराला. तेव्हापासून हार्डबोर्डच्या तुकड्यावर दोन हात मारून तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर भिंतीला टेकवून बघते. शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्याचा भरवसा धरत नाही. अख्ख्या भिंतीवर तोच रंग दुप्पट बोलतो.

त्या बाईंची जाळी यथावकाश उतरली. आत तपकिरी काचांचा टॉवर होता. आता त्यांच्याकडे दुपारी चहा पडतो.

दिव्यांवरून तर भांडणंच. मी बिचारी तीन हजार केल्विनचा पिवळसर उजेड सुचवते, भिंत मऊ दिसते, माणसं बरी दिसतात. दिवाळीत जाऊन बघावं तर सगळीकडे साडेसहा हजाराच्या पांढऱ्याधोप ट्यूबा. आईला मी हाच पिवळा दिवा एकदा लावून दिला होता. दोन दिवसांत तिने तो काढायला लावला. "यात तांदूळ निवडता येत नाहीत," म्हणाली. यावर इंटिरिअरकडे उत्तर नाही.

वायरमनचं काम संपत आलं. नवा बोर्ड सुबक, पांढरा आणि जुन्यापेक्षा बराच लहान. त्यामुळे उजव्या अंगाला चार बोटं पट्टी उघडी राहिली, पिस्ता, आकाशी, गुलाबी, चुना, सगळे ओळीने.

"ताई, पुट्टी मारून देऊ? वरून कलर मारून घ्या."

मी लगेच पिशवीतून शेड कार्ड काढलं. सवय. पिस्त्याला पिस्ता जुळवत होते, आणि सहज आईला विचारलं, "तो आकाशी कुणी निवडला होता गं? अण्णांनी?"

विचारायला कारण होतं. त्या आकाशीत मी दहावी केली, बारावी केली. तो माझ्या डोक्यात इतका बसलाय की आजवर चार-पाच घरांत मी तो हटकून दिलाय. दर वेळी नवं काही सांगून, पश्चिमेचं ऊन, समुद्राची बाजू, छोटी खोली मोठी दिसते, वगैरे. पैसेही घेतले.

"निवडला कसला," आई म्हणाली. "काकूंकडे लग्नाचा रंग उरला होता. त्या म्हणाल्या घेऊन जा, नाहीतर सुकून जाईल. अण्णांनी पाणी घालून पुरवला."

वायरमन स्टुलावरून खाली उतरला.

"पिस्ता मात्र तू निवडलास," आई म्हणाली. "नोकरीला लागलीस त्या वर्षी."

"हो."

"मला तेव्हाही नव्हता आवडला."

चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी त्या आकाशी खोलीत असल्यापासून ऐकतेय, त्यामुळे आता नवा रंग काढायचा म्हटलं तरी आई नको म्हणते, कशाला उगाच. शेड कार्ड मी पिशवीत घातलं. आईने वायरमनला पुट्टी राहू दे म्हणून सांगितलं, ट्रंकेवर चढून दाराजवळचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्याकडूनच नवा खिळा ठोकून घेऊन पट्टीवर टांगलं. मेन स्विच चालू झाला. एकच बटण दाबून पंखा लागला, याचं आम्हा दोघींना जरा नवल वाटलं.

कॅलेंडर फडफडायला लागलं.

"खाली चिमटा लाव गं," आई म्हणाली. मी गॅलरीतल्या दोरीवरून कपड्यांचा एक चिमटा काढून आणला.