सांगली उत्तरेला, धारवाड आग्नेयेला

बेळगावच्या मराठी घरात रेडिओ एका जागी ठरत नसे. मराठी कार्यक्रम ऐकायचा तर सांगली लावा, गाणं ऐकायचं तर धारवाड, आणि दर वेळी संच थोडा फिरवा. त्यातलं धारवाडचं आकाशवाणी केंद्र बघायला निघालो. कित्तूरमार्गे पाऊणशे किलोमीटर; रस्त्याचं काही लक्षात नाही.

८ जानेवारी १९५० ला सुरू झालेलं हे केंद्र. मल्लिकार्जुन मन्सूर इथे संगीत सल्लागार होते. त्या नावापुढे फाटकाशी पाय थबकतातच. नजर मात्र प्रक्षेपणाचा मनोरा शोधू लागते. मोठ्या शक्तीचा मीडियम वेव्ह मनोरा स्टुडिओपासून लांब ठेवतात, नाहीतर माइकच्या वायरीत त्याचीच घरघर शिरते. शिवाय त्याला जमीन फार लागते. धारवाडची ७६५ किलोहर्ट्झची लहर ३९२ मीटरची, तिच्या पाव भागाएवढा मनोरा धरला तर उंची सुमारे ९८ मीटर. आणि पायाशी, मातीखाली, चहूकडे पसरलेल्या तांब्याच्या तारा, साधारण १२०. त्या कुजल्या किंवा चोरीला गेल्या की ट्रान्समीटर ठणठणीत असूनही लांबच्या गावात आवाज बसतो. खानापूर-जांबोटीच्या खडकाळ, जांभ्या जमिनीवर लहर तशीही लवकर दमते. पूर्वेकडच्या ओल्या काळ्या मातीवर लांबवर जाते.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे खोलीत खोली. दारं दोन, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. निवेदकासमोरच्या काचाही दोन, त्यातली एक किंचित तिरकी, म्हणजे आवाज दोन काचांत घुमत नाही. भिंतीवर बारीक भोकांचे तक्ते, मागे काचलोकर. दाराची रबरपट्टी कडक झाली की बाहेरची वर्दळ आत येते, काचलोकरीला ओल लागली की ती खाली बसते. पण खरा घात रंगारी करतो. तक्त्यांवर जाड रंग चढवला की भोकं बुजतात आणि खोली घुमायला लागते. अशा जुन्या वास्तूला रंग देण्याआधी कुणीतरी हे सांगायलाच हवं. माझा जीव तुटतो तो इथे.

जुना ट्रान्झिस्टर घरी असेल तर सेलवर लावा. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे बंद करा. आजची निम्मी खरखर त्यांचीच. आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी आडवी असते, तिचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज मरतो. म्हणून मोठा आवाज शोधत बसू नका, तो बऱ्याच कोनांत सारखाच लागतो. आवाज सगळ्यात बारीक होईल ती जागा पकडा आणि तिथून संच काटकोनात फिरवा. बेळगावात सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झसाठी कांडी पूर्व-पश्चिम, धारवाडसाठी ईशान्य-नैर्ऋत्य. हे सगळं दिवसाउजेडी करा; अंधार पडला की दूरदूरची केंद्रं आकाशातून परतून त्याच आकड्यावर चढतात.