पोटातलं पाणी

"शर्यतीत पळवत नाही, लग्नात नाचवत नाही, मग त्या रेवाल घोडीचं तुम्ही करता तरी काय?" पाहुण्यांपासून पेट्रोल पंपावरच्या पोरापर्यंत सगळे मला हे विचारतात. रेवाल म्हणजे बसणाऱ्याला न उडवणारी, घोड्याची एक सपाट चाल. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खेळतो आम्ही. रविवारी सकाळी कॅनॉलच्या भरावावर चार-पाच घोडी जमवायची आणि ऊन चढेपर्यंत खेळायचं.

आमची घोडी मैना मारवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या अयाळीची. अण्णांनी ती सारंगखेड्याहून आणली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारात चाल दाखवणारा व्यापारी म्हणाला होता, "बसा ताई, पोटातलं पाणी हलणार नाही." व्यापाऱ्याचं बोलणं निम्मं सोडून द्यावं म्हणतात, पण हे खरं निघालं. दुडक्या चालीत घोड्याचे तिरके पाय जोडीनं पडतात, पुढचा उजवा तर मागचा डावा. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात आणि बसणारा उडतो तो तिथंच. रेवाल चालीत एका अंगाचे पाय पाठोपाठ पुढं येतात आणि पाठ जवळजवळ सपाट राहते.

म्हणूनच आमचा मुख्य खेळ पाण्याचा. स्टीलचा पेला काठोकाठ भरायचा. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पेला. बाभळीपर्यंत साध्या चालीनं जायचं, तिथून रेवाल, वळसा घालून परत आणि रेघेवर थांबायचं. उरलेलं पाणी दुधाच्या मापानं मोजायचं. कल्पना आमची नाही. अमेरिकेत टेनेसी वॉकरसारख्या चालीच्या घोड्यांवर हा खेळ चालतो आणि आइसलँडच्या घोड्यांची मंडळी तर बिअरचा मग घेऊन त्यांच्या टोल्ट नावाच्या तशाच सपाट चालीत फेऱ्या मारतात. आम्हाला पाणीच परवडतं, तेही कॅनॉलच्या पाण्याची पाळी असेल तेव्हा.

पहिल्यांदा खेळले तेव्हा माझी नजर पेल्यावर खिळलेली. मान खाली, खांदे पुढं, लगामाचा हात आखडलेला. वीस पावलांत मैनेनं चाल मोडली, दुडकी धरली, आणि सगळं पाणी माझ्या बाहीत. घोडी सांभाळणारे आमचे मोतद्दार मामा बांधावरून ओरडले, "पेल्याकडं काय बघताय, तो काय पळून जाणारे का? बाभळीकडं बघा!" पुढच्या फेरीला बाभळीकडं बघितलं तर अर्ध्याहून जास्त पाणी वाचलं. घोडी तीच, वाटही तीच. घोड्याला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी पेला देते. थांबतानाही बघावं. रपकन लगाम खेचणाऱ्याचं पाणी सरळ अयाळीवर जातं.

दुसरा खेळ पोरांचा लाडका. शाळेच्या स्नेहसंमेलनात सायकलची हळू शर्यत असायची, आठवते? शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. तसंच इथं. रेवाल सोडायची नाही आणि सगळ्यांच्या मागं राहायचं. घोडं साध्या चालीवर उतरलं की बाद. ऐकायला सोपं वाटतं. पण वेगात चाल राखणारी घोडीसुद्धा संथ करायला गेलं की गडबडते आणि खोगिरात बसणाऱ्याची मांड किती पक्की ते सगळ्यांना दिसतं. मागच्या वेळी वीस-बावीस वर्षांचे दोन तगडे गडी बाद झाले आणि सातवीतली मुलगी जिंकली.

तिसरा कानाचा. भरावाच्या टोकाला थोडा डांबरी रस्ता आहे. एकानं डोळे मिटून उभं राहायचं, दुसऱ्यानं घोडं न्यायचं, आणि टापांवरून चाल ओळखायची. दुडकीत दोन पाय एकदम पडतात म्हणून दोनच ठोके, रेवालचे चार, एकापाठोपाठ एक. चाल बिघडायला लागली की डोळ्यांआधी कानाला कळतं. पासो फिनो या चालीसाठी नावाजलेल्या परदेशी घोड्यांच्या स्पर्धेत लाकडी फळीवरून घोडा चालवतात आणि परीक्षक टापांचा नाद ऐकतात, ते काही उगाच नाही.

बांबू रोवून त्यातून नागमोडी भरधाव जायचं, पिंपाला वळसा घालून सुटायचं, हे खेळ मात्र मी खेळू देत नाही. पोरं कुरकुरतात. वारीच्या रिंगणातले अश्व बघून आली की "तसं पळवू ना" म्हणून मागं लागतात. अहो, रिंगण ते रिंगण. आपल्या घोडीला रोज झपकन वळून चौखूर सुटायची सवय लावली तर उद्या चाल मागितली की ती धावच देणार. माझं मत जुनाट वाटेल, वाटू दे.

पाण्याच्या खेळात सध्या वाद पेटलाय. बहात्तर वर्षांचे अण्णा मागच्या रविवारी बसले, थेंब न सांडता बाभळीपर्यंत गेले, वळले, आणि येताना तहान लागली म्हणून अर्धा पेला पिऊन टाकला. पोरांचं म्हणणं, पेला अर्धा म्हणजे गुण अर्धे. अण्णांचं म्हणणं, खेळ न सांडण्याचा आहे, न पिण्याचा नाही. मामांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मैनेला पाणी दाखवायला निघून गेले.