हिस्टरी 65 म्हणजे मागची 64 सॅम्पल

एसडीआरमधे, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओत, फ्लोग्राफ (ब्लॉक एकमेकांना जोडून केलेली सिग्नलची वाट) जोडणं पटकन जमतं, सोर्स टाकला, फिल्टर टाकला, डिमॉड (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा ब्लॉक) टाकला, एफएम वाजायला लागला. पण ग्नू रेडिओत, म्हणजे यासाठीच्या सॉफ्टवेअरमधे, स्वतःचा ब्लॉक लिहायला घेतला की बरेच जण हिस्टरीपाशी, म्हणजे ब्लॉकला सिग्नलची मागची किती मापं (सॅम्पल) लागतात ते सांगण्यापाशी, अडतात, आणि मला तर त्या सगळ्या सिस्टीममधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

सॅम्पल एकेक करून येत नाहीत. शेड्युलर (ब्लॉकना चालवणारा भाग) तुमच्या वर्क फंक्शनला, म्हणजे ब्लॉकचं खरं काम करणाऱ्या कोडला, गठ्ठे देतो आणि गठ्ठा केवढा ते तोच ठरवतो, सिग्नल मात्र सलग असतो, त्याचा या गठ्ठ्यांशी काही संबंध नाही. आता 65 टॅपचा, म्हणजे 65 गुणकांचा, एफआयआर फिल्टर घ्या, प्रत्येक आउटपुटला आत्ताचं सॅम्पल आणि त्याच्या मागची 64 लागतात, मग गठ्ठ्यातल्या पहिल्या सॅम्पलसाठी ती 64 आणायची कुठून? शून्य धरली तर दर गठ्ठ्याची पहिली 64 आउटपुट बिघडतात. रेट सेकंदाला 240 किलोसॅम्पल आणि गठ्ठे 4096 चे असतील तर हे सेकंदाला 58-59 वेळा होतं, म्हणजे स्पीकरमधून घुर्रर्र, आणि ते 50 हर्ट्झच्या मेन्स हमच्या, म्हणजे विजेच्या लाइनमधून येणाऱ्या घरघरीच्या, इतकं जवळ की माणूस पॉवर सप्लाय आणि केबली बदलत बसतो.

यावर उपाय म्हणजे कन्स्ट्रक्टरमधे (ब्लॉक तयार होताना चालणाऱ्या कोडमधे) सेट_हिस्टरी(65). आकडा नीट बघा, 65 मधे आत्ताचं सॅम्पलही धरलंय, म्हणून डीफॉल्ट 1 असतो, म्हणजे मागचं काहीच नको. एफएमच्या क्वाड्रेचर डिमॉडला फेजमधला फरक काढायला फक्त आधीचं एक सॅम्पल लागतं, त्याची हिस्टरी 2. हिस्टरी 65 असलेल्या सिंक ब्लॉकला (जेवढं इनपुट वापरतो तेवढंच आउटपुट देणाऱ्या) 1000 आउटपुट हवे असतील तर इनपुटमधे 1064 सॅम्पल दिसतात, आणि इनपुटचं शून्यावं सॅम्पल हे सगळ्यात जुनं असतं, आत्ताचं नाही! वापरून संपतात फक्त 1000, शेवटची 64 पुढच्या कॉलला परत समोर येतात. अगदी पहिल्या कॉलला मागे काहीच नसतं म्हणून तिथे 64 शून्यं भरलेली असतात.

यात कॉपी कुठेच होत नाही बरं का. बफर गोल असतो आणि तीच मेमरी व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसमधे लागोपाठ दोनदा मॅप केलेली असते, त्यामुळे पॉइंटर शेवट ओलांडून गेला तरी सुरुवातीचा डेटा सलग वाचता येतो, तुम्हाला मोड्युलो वगैरे काही करावं लागत नाही. म्हणूनच नेहमीच्या बफरचा साइझ पेजच्या (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांच्या) हिशोबात असतो, 4096 बाइटच्या पेजमधे 8 बाइटची कॉम्प्लेक्स सॅम्पल 512 बसतात.

टॅप चालू असताना बदलायचे असतील तर एफआयआर ब्लॉकचा कोड वाचाच. तो वर्कमधे नवी हिस्टरी सेट करतो आणि लगेच 0 परत करतो, म्हणजे शेड्युलर पुढच्या वेळी नव्या हिशोबाने इनपुट देतो. बफर मात्र सुरुवातीलाच हिस्टरी बघून अलोकेट झालेला असतो, त्यामुळे नंतर 65 वरून एकदम काही हजारांवर जायचा विचार असेल तर मोठा आकडा आधीच सांगून ठेवा.