थेंब कुठे आहे?

निधनाची बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की पहिल्या पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागते. चोपड्यातले काका, शिरपूरची आत्या, सुरतेला उधन्यात स्थायिक झालेले चुलतभाऊ, सगळे हजर. आणि त्या रांगेत विसाव्या-बाविसाव्या जागी कुणा नानांचा एक चेहरा येतो. डोळ्यांत पाणी असलेला, पण हसून हसून आलेलं. ग्रुपवर कुणी काही बोलत नाही. नाना रडताहेत हे सगळ्यांना कळतं. सून मात्र हळूच नानांचा फोन मागून घेते.

चूक नानांची नाही. नखाएवढ्या चित्रात चष्म्यातून दिसतो तो फक्त निळा थेंब, आणि इमोजीत सगळं ठरतं ते थेंब कुठे आहे यावर. कपाळाच्या कडेला असेल तर तो घाम, म्हणजे टेन्शन किंवा धावपळ. एका डोळ्याखाली एकच असेल तर अश्रू. दोन्ही डोळ्यांतून पाटाचं पाणी सोडल्यासारखे ओघळ असतील तर हंबरडा. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत टपोरे थेंब आणि खाली दात दाखवणारं उघडं तोंड, तर ते हसू. ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी 2015 साली वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता तो हाच चेहरा. सगळ्यात फसवा थेंब नाकाशी असतो. तो अश्रूच नव्हे, झोपेचा फुगा आहे. जपानी चित्रकथांत माणूस गाढ झोपला की त्याच्या नाकातून फुगा काढायची रीत. इमोजीही तिकडूनच आले, तेव्हा ती रीत सोबत आली. आपल्याकडे हा चेहरा ‘फार वाईट झालं’ म्हणून जातो, म्हणजे मयताच्या निरोपाखाली दहा जण झोपलेले.

त्यात कॉलेजच्या पोरांनी उलटंच चालवलंय. त्यांना हसू आवरेनासं झालं की ती हंबरड्याचा चेहरा टाकतात. आजोबा हसऱ्या चेहऱ्यानं रडतात आणि नात रडक्या चेहऱ्यानं हसते. दोघं एकाच ग्रुपवर असतात, हे आणखी वेगळं.

व्हॉट्सॲपवर 2022 मध्ये रिॲक्शन आल्या तेव्हापासून दुसरा घोळ सुरू झाला. मेसेज दाबून धरला की वर ओळ येते: अंगठा, हृदय, हसू, आश्चर्य, अश्रू, हात. हसू आणि अश्रू यांच्यात एका आश्चर्याचं अंतर. जाड अंगठ्याला ते पुरत नाही. अशी चूक झाली तर घाबरून माफीचा निबंध लिहू नये. आपल्याच रिॲक्शनवर टिचकी मारून ती काढता येते आणि मागे खूण राहत नाही. मेसेजच चुकला असेल तर 15 मिनिटांच्या आत एडिट करावा. डिलीट केला की मेसेज हटवल्याची ओळ तिथेच बसते, आणि ‘काय लिहिलं होतं हो?’ म्हणून चार फोन येतात. अंगठ्याचंही भान हवं. ‘गंधमुक्ती शनिवारी सकाळी’ या उत्तरकार्याच्या निरोपाला अंगठा चालतो, त्याचा अर्थ ‘कळलं, येतो’. निधनाच्या पहिल्या निरोपाला तोच अंगठा ‘छान’ म्हणतो. पुष्पगुच्छ तर टाळलेलाच बरा, कारण खालच्या वाढदिवसालाही तोच जाणार असतो. आणि 2020 साली आलेली ती दोन निळ्या आकृत्यांची गळाभेट? जुन्या फोनवर तिच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. शिवाय दिराकडून भावजयीला जाण्यासारखी ती नाहीच.

जोडलेले हात मात्र आपल्याकडे चपखल बसले. खान्देशात मयताच्या घरी दारावर जातात, तिथे फारसं बोलायचं नसतं. टेकायचं, हात जोडायचे, थोड्या वेळानं उठायचं. ग्रुपवरचे हात हेच करतात, आणि ते कुणाकडून उत्तर मागत नाहीत. म्हणून सांत्वनाला चित्र पुरतं. पुढे ‘जिभाऊ’ किंवा ‘अक्का’ अशी नात्याची हाक लावली तर ते कॉपी-पेस्टच्या गर्दीत उठून दिसतं.

काळजीचं तसं नाही. काळजीला काहीतरी विचारायचं असतं, आणि चेहरा विचारू शकत नाही. वळवाचं वादळ जळगावच्या रावेर-यावल केळीपट्ट्यातून गेलं की दुसऱ्या दिवशी आडव्या केळीचे फोटो येतात. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे तळ एकावर एक गुंडाळलेले, वर घडाचं ओझं, मग जोराचा वारा लागला की अख्खी ओळ झोपते. फोटोखाली चाळीस रडके चेहरे जमतात. त्या शेतकऱ्याला त्या घटकेला हवी असते एक ओळ: पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवलं का? विमा असेल तर 72 तासांच्या आत कंपनीला कळवा, वेळ निघून जाऊ देऊ नका. घामाच्या थेंबाचा चेहरा यातलं काहीच सांगत नाही.

‘बाबांना ॲडमिट केलंय’ या निरोपाचंही तेच. तिथे पन्नास जणांनी ‘काय झालं?’ विचारलं तर दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या पोराची बॅटरीच संपते. एकानं फोन करावा, बाकीच्यांना त्यानं सांगावं. आणि लिहायचंच असेल तर कामाचं लिहावं: ‘संध्याकाळचा डबा मी आणतो.’ ‘रात्री थांबायला कोण आहे?’

टाइप करायला ज्यांची बोटं वळत नाहीत ती माणसं सरळ माइक दाबून धरतात. सात-आठ सेकंदांचा निरोप, त्यातला निम्मा वेळ खाकरण्यात, मागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर, आणि मग ‘बरं शे ना भो?’, म्हणजे ‘बरं आहे ना भाऊ?’ बोट जरा आधी निसटलं तर निरोप ‘बरं शे’वरच तुटतो, आणि प्रश्नाचं उत्तर होऊन बसतं. मग नाना पुन्हा माइक दाबतात.